सरळ बसवलेला शाफ्ट

माझा धंदा अर्ज लिहिण्याचा. गिरगावात एका सरकारी कचेरीच्या फाटकाशी माझे टेबल असे, आणि इंग्रजी तिसरीनंतर शाळेशी संबंध सुटलेला असूनही, माझ्या अर्जावर 'मजकूर अस्पष्ट' असा शेरा मारण्याची वेळ मी कोणत्याही साहेबावर येऊ दिली नाही. गरज कोणाची, कलम कोणते आणि विनंती काय, हे माझ्या अर्जात पहिल्या चार ओळींत स्पष्ट होई. कचेरीतले कारकूनही मला 'मास्तर' म्हणत, ते उगाच नव्हे.

माझ्याकडे येणाऱ्यांत वरळी कोळीवाड्याच्या बायका पुष्कळ असत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या त्या वर्षांत होड्यांना इंजिने बसू लागली होती, आणि शिडाच्या होडीपेक्षा इंजिनाची होडी लांब जाई. लांब गेलेली प्रत्येक होडी परत येई असे मात्र नाही. मग घरातली बाई कपाळ पुसून माझ्यापुढे बसे, तिचा दीर किंवा भाऊ हकिगत सांगे आणि मी लिहीत असे : 'भर समुद्रात इंजिन बंद पडल्यामुळे होडी वाऱ्याने खडकांकडे वाहत गेली.' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिले की पुढे पुढे ते लिहिण्यापूर्वीच माझा हात जड होई. माझे बालपण मालवणच्या किनाऱ्यावर गेले तरी मला पोहता येत नाही. मी समुद्राला भितो, हे मी कोणापासून लपवले नाही.

अशा माणसाच्या धाकट्या भावाने होडी घ्यायचे ठरवले.

आम्ही लालबागच्या चाळीत राहत असू : आई, माझी पत्नी, मी आणि हा भाऊ. तो परळच्या एका गिरणीत फिटर होता. छताखालून जाणारे लांबच लांब शाफ्ट सरळ रेषेत बसवणे हे त्याचे काम, आणि त्या कामात त्याचे नाव होते. परंतु चळवळीत तो पुढे असे. शिवाजी पार्कच्या सभेहून परतताना एकदा लाठी खाऊन आला, आणि त्यानंतर साध्या वेषातला एक पोलीस चाळीच्या तोंडाशी पानवाल्याकडे त्याची चौकशी करून गेला. गोळीबाराच्या बातम्या ताज्या होत्या. त्या दिवसापासून आमच्या खोलीत कोणी मोठ्याने बोलत नसे. जिन्यावर बूट वाजले की आई हातातले भांडे तसेच धरून उभी राही.

"दादा, गिरणीत आता माझं मन नाही," भाऊ एके दिवशी जेवताना म्हणाला. "वरळीचा एक नाखवा होडी विकतोय. इंजिनासकट. तो मोठी घेतोय. त्याचाच एक पुतण्या माझ्याबरोबर भागीत यायला तयार आहे. जाळं त्याचं, इंजिन माझं."

आईने भाताचे पातेले खाली ठेवले. "रस्त्यार गोळी आणि दर्यात पाणी. माका दोनातला एक निवडूक सांगतंस काय रे मेल्या?"

भाऊ हसला. तेव्हा आई माझ्याकडे वळली.

"तू जा. तू बघ आणि माका सांग. तू बरा म्हटलंस तर जाऊ दे. तू नको म्हटलंस तर मी ह्येच्या वाटेत आडवी पडान."

"मान्य," भाऊ म्हणाला. "दादा नको म्हणाला तर मी गिरणीतच राहीन. शब्द देतो."

अशा रीतीने त्याचा जीव माझ्या जिभेवर येऊन बसला. त्या रात्री मला झोप लागली नाही. 'नको' म्हणणे सोपे होते. परंतु 'नको' म्हटल्यावर तो ज्या रस्त्यांवर राहणार होता त्या रस्त्यांचीही मला तितकीच भीती वाटत होती.

श्रावण चालू होता. होड्या अजून वाळूवर ओढून, झापांखाली झाकून ठेवलेल्या होत्या. नाखवा साठीच्या पुढचा, आवाज मोठा, आणि गिऱ्हाईक आले म्हणून मुळीच न बदलणारा. मी होडीजवळ जाऊन प्रथम इंजिनावर तळहात ठेवला.

"काय वो, ताप बगता काय त्याचा?" नाखवा म्हणाला.

"थंड आहे का, ते पाहतो," मी म्हणालो. "थंड इंजिन सुरू होते का, हे पाहायचे असते. आधी गरम करून ठेवलेले इंजिन म्हणजे पढवून आणलेला साक्षीदार."

"अर्जवाले साहेब, इंजिनाची उलटतपासणी घ्या बरोबर! कोर्टात वकील कमी पडलं वाटतं."

मी त्याच्या थट्टेकडे लक्ष दिले नाही. ज्या हकिगती मी वर्षानुवर्षे लिहून काढल्या होत्या, त्यांतून कोणकोणत्या गोष्टींनी माणसे बुडाली हे मला ठाऊक होते, आणि त्यांपैकी एकही मी न विचारता सोडणार नव्हतो. तेलात पाणी शिरले आहे का, हे मी काडी बुडवून पाहायला लावले. तेल दुधाळ नव्हते. भावाने हँडल मारून इंजिन सुरू केले. पहिला धूर पांढरा आला आणि निवळला. निळा आला असता तर तेल जळत आहे असे समजून मी तिथूनच परतलो असतो. पाठीमागे जाऊन होडी ढकलणाऱ्या पंख्याची पाती बोटांनी चाचपली. त्यांच्या कडा खाऱ्या पाण्याने कुरतडलेल्या नव्हत्या. गियर पुढे टाकला, मागे टाकला. दोन्ही वेळा पंखा आज्ञेप्रमाणे फिरला. या नमुन्याचे सुटे भाग अजून मिळतात का, हे भावाने भायखळ्याच्या दुकानांतून आधीच विचारून ठेवले होते; मिळत होते.

"झालं समाधान?" नाखव्याने विचारले.

समाधान झाले असते. परंतु भाऊ इंजिनाशेजारी उकिडवा बसून राहिला होता. इंजिनातून निघणारा दांडा आणि पंख्याकडे जाणारा शाफ्ट जिथे जुळतात, तिथे दोन लोखंडी तबकड्या तोंडाला तोंड लावून बोल्टांनी आवळलेल्या असतात. त्याने बोल्ट सैल केले आणि त्या तबकड्यांच्या फटीत पत्र्याची पातळ पट्टी सरकवून पाहिली. वर सरकली, खाली सरकेना.

"दादा, हे बघ. वाकडं आहे. गिरणीत असं बसवलं तर जॉबर मला हाकलून देईल." मग तो इंजिनाच्या पायांखाली वाकला. "आणि हे काय? एका बाजूला पत्र्याचे तुकडे घालून इंजिन उचललंय. कोणी केलं हे, नाखवा?"

"बसवला तसाच हाय," नाखवा म्हणाला. "बसवनारा गेला देवाघरी. मी कंदी हात लावला नाय, आनि त्यानं कंदी तरास दिला नाय."

"कारागीर नव्हता तो. ठिगळ लावणारा होता," भाऊ म्हणाला. "मी करून देतो. पैसे नकोत."

नाखव्याने खांदे उडवले. पुढचा रविवार भावाने त्या कामात घालवला. पत्र्याचे तुकडे काढून होडीतल्या डब्यात टाकले, पाणसळ लावली, दोरा ताणला, इंजिन केसाकेसाने सरकवले. अखेर त्याने मला तबकड्यांच्या फटीत चहूबाजूंनी पट्टी फिरवायला लावली. सगळीकडे सारखी. शाफ्ट हाताने ढकलला तर लोण्यात फिरल्यासारखा फिरला. ते पाहून माझी निम्मी भीती गेली. माझ्या लेखी आता इंजिनही निर्दोष होते आणि त्याची जोडणीही. घरी जाऊन मी आईला काहीच सांगितले नाही, कारण पाण्यावर पाहिल्याशिवाय शब्द द्यायचा नाही असे माझे ठरलेले होते. मात्र मनातल्या मनात मी 'बरा' हा शब्द जुळवून ठेवला होता.

नारळी पौर्णिमेला कोळीवाड्याने दर्याला नारळ वाहिला आणि होड्या पाण्यात उतरल्या. आमची होडी, अजून आमची नव्हे, आठवडाभर खाडीत बांधून ठेवल्यावर नाखव्याने बोलावणे धाडले. त्या दिवशी शहरात हरताळ होता. बस नाहीत, दुकाने बंद, कोपऱ्याकोपऱ्यावर पोलिसांच्या गाड्या. लालबागहून वरळीपर्यंत आम्ही दोघे चालत गेलो. भाऊ पुढे, मी मागे. प्रत्येक गाडीपाशी मी त्याच्या आणि तिच्या मध्ये चालत होतो. कोळीवाड्याच्या गल्ल्यांत शिरल्यावर सुकटीचा वास नाकात गेला तेव्हा कुठे माझा श्वास मोकळा झाला, आणि पुढच्याच क्षणी समोर पाणी दिसले.

"अर्जवाले, तुमी पन येता?" नाखव्याने विचारले. "मंग कागद-टाक घ्या संगती. दर्याला अर्ज लिवा, म्हनावं आज गप ऱ्हा."

मी होडीत चढलो. कसा चढलो ते मला आठवत नाही. एवढे आठवते की बसल्यावर दोन्ही हातांनी फळी धरली, आणि परत येईपर्यंत ती सोडायची नाही असा निश्चय केला.

इंजिन थंड होते, तरी दुसऱ्याच फेऱ्याला पेटले. खाडीच्या तोंडापर्यंत सारे ठीक चालले. वरळीच्या किल्ल्याखालचे काळे खडक डाव्या हाताला गेले, मोकळा वारा लागला, आणि होडी लाटेवर नाक वर करून चढू लागली. तेव्हा माझ्या पायांखालची फळी थरथरू लागली. प्रथम मला वाटले की ते माझेच पाय. मग नाखव्यानेही खाली पाहिले.

"ह्यो आवाज आदी नव्हता," तो म्हणाला.

पाठीमागे, जिथे शाफ्ट होडीच्या लाकडातून बाहेर पाण्यात जातो, तिथे पाणी अडवण्यासाठी दोरी ठासून भरलेली असते. त्या जागेतून धूर येत होता. जळक्या दोरीचा वास आला. इंजिनाचा आवाज जड होत गेला, काळा धूर निघाला, एक मोठा आचका बसला आणि मग ज्या शांततेविषयी मी आजवर केवळ लिहीत आलो होतो ती शांतता पसरली. फक्त पाणी फळ्यांवर आपटत होते.

मला माझेच वाक्य ऐकू आले. 'भर समुद्रात इंजिन बंद पडल्यामुळे.' त्याचा उत्तरार्ध पुढे दिसतच होता. वारा आम्हांला खडकांकडे नेत होता.

"नांगर!" नाखवा ओरडला आणि स्वतःच टाकला. दोर ताणला, सुटला, पुन्हा ताणला. तळाला कातळ होता. नांगर घसरत होता. शीड होते ते त्याने नव्या होडीसाठी घरी काढून ठेवलेले. त्याने वल्हे घेतले. "अर्जवाले, तो डबा घ्या नि पानी उपसा! बगत काय बसलात?"

शाफ्टच्या जागेतून पाणी आत येऊ लागले होते. फळी सोडायची नाही हा माझा निश्चय तिथेच मोडला. मी गुडघ्यांवर बसून डब्याने पाणी बाहेर फेकू लागलो.

भावाने गियर सोडून हँडल मारले. इंजिन लगेच सुरू झाले, अगदी वाळूवर चालायचे तसे, मऊ. गियर टाकला, गुदमरून बंद. पुन्हा सोडला, पुन्हा सुरू. पुन्हा टाकला, बंद.

"इंजिनाला काही झालेलं नाही," तो म्हणाला. तो आमच्याशी बोलत नव्हता. त्याने तबकड्यांवर हात ठेवला आणि झटक्याने काढला. त्या तापल्या होत्या. मग त्याने बोल्ट सैल केले. बोल्ट सैल होताच दोन्ही तबकड्या आपणहून एकमेकींपासून सरकल्या. खाली फट, वर मिटलेली. ज्या फटीत मी वाळूवर सगळीकडे सारखी पट्टी फिरवली होती, तीच ही फट.

"अरे, मी जमिनीवर सरळ केलं," तो म्हणाला. "गिरणीची जमीन हलत नाही. ही होडी पाण्यात फुगली, वाकली. सगळ्या लाकडाचा आकार बदलला. वाळूवर वाकडं होतं तेच पाण्यावर सरळ होतं."

"मंग आता?" नाखव्याने वल्हे न थांबवता विचारले. खडकांवर फुटणाऱ्या लाटेचे तुषार आता आमच्या अंगावर येत होते.

"डबा! दादा, त्या पत्र्याच्या तुकड्यांचा डबा कुठंय?"

तो डबा माझ्याच हातात होता. पाणी उपसायला मी तोच उचलला होता. त्यातले तुकडे मी पाण्याबरोबर बाहेर फेकले असतील, या विचाराने मला क्षणभर दिसेनासे झाले. मग पायांशी, पाण्यात, काहीतरी धारदार लागले. तुकडे आधीच उलटून तळाशी पडले होते. मी चाचपून एकेक वर काढला आणि त्याच्या हातात दिला. बोटांतून रक्त येत होते हे मला किनाऱ्यावर कळले.

इंजिनाचे पाय सैल करून, पहारीने एक बाजू उचलून, त्याने तुकडे खाली सारले. किती ते मोजायला वेळ नव्हता. तबकड्यांच्या फटीत नख घालून तो अंदाज घेत होता. लाटेने होडी उचलली की फट उघडे, खाली बसली की मिटे. तो होडी मध्ये असतानाचा एक क्षण पकडत होता, आणि ओठ घट्ट मिटून पुन्हा पुन्हा पकडत होता. गिरणीत त्याला काम करताना मी कधी पाहिले नव्हते. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती असे मी म्हणणार नाही. भीती होती, पण तिने त्याचे हात थांबवले नव्हते.

"मार आता," बोल्ट पुन्हा आवळून तो नाखव्याला म्हणाला.

नाखव्याने वल्हे माझ्याकडे फेकले आणि हँडल मारले. इंजिन पेटले. भावाने गियर हळूच टाकला. आवाज खाली गेला, गुदमरला आणि धरून राहिला. पंख्याने पाणी मागे ढकलले. खडक तिथेच थांबले. मग ते लहान होऊ लागले.

किनाऱ्याला लागेपर्यंत मी पाणी उपसत राहिलो. वाळूवर पाय ठेवल्यावर नाखवा म्हणाला, "पोरा, तू मोडलास नि तूच जोडलास. घ्यायची का न्हाय ते तू बोल. मी भाव वाढवीत नाय आनि कमी बी करीत नाय."

"त्याचं उत्तर मी नाही देणार," भाऊ म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिले.

परतताना रस्ते तसेच ओस होते. माझ्या डोक्यात दोन उत्तरे चालली होती. 'इंजिन भरवशाचे नाही,' असे मी म्हटले असते तर ते खोटे ठरले असते. इंजिन उत्तम होते. 'भरवशाचे आहे,' म्हटले असते तर तेही पूर्ण खरे नव्हते, कारण खडकांचे तुषार माझ्या सदऱ्यावर अजून ओले होते. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या हकिगती नेटक्या शब्दांत बसवून दिल्या. ही एक बसत नव्हती. लालबागच्या नाक्यावर पोलिसांची गाडी उभी होती, आणि भाऊ तिच्यासमोरून जाताना मान खाली घालून, खांदे आखडून चालला. होडीत त्याने खांदे आखडले नव्हते. ते पाहून मला आणखीच भय वाटले, कारण माझे उत्तर ठरत चालले आहे हे मला कळले.

आई दारात बसली होती. तिने माझ्या बोटांना बांधलेला फडका पाहिला आणि काही विचारायच्या आधीच उभी राहिली.

"कसा हा इंजिन?"

"मध्येच बंद पडले," मी म्हणालो. भावाने मान वर केली. "खडकांजवळ. आम्ही गेलोच होतो. का पडले ते याने शोधले, आणि तिथेच, पाण्यावर, पुन्हा चालू केले."

"परत बंद पडला तर?"

"पडू शकते. कोणतेही पडू शकते. हा बरोबर असला तर बहुधा चालू होईल. त्याच्यापलीकडचे मला सांगता येत नाही, आई."

मी खोटे बोलत नाही हे तिला ठाऊक होते, आणि मला वाटते, तेच तिला नको होते. तिला 'बरा' किंवा 'नको' यांपैकी एक शब्द हवा होता. मग ती आत गेली आणि आतून म्हणाली, "शीड आणि दोर नवो घेवक सांग. आणि माका किनाऱ्यार बोलावू नको."

भावाने आणखी काही दिवस होडी पाण्यातच ठेवून, लाकूड पुरते भिजल्यावर, जोडणी पुन्हा केली; या वेळी जाळ्याचे आणि मासळीचे वजन धरून वाळूने भरलेली पोती होडीत टाकून. ज्या दिवशी तो पहिल्यांदा जाळे घेऊन निघाला, त्या पहाटे मी वरळीला गेलो. नाखव्याच्या पुतण्याने दोर सोडला. इंजिन पेटले, आणि भावाने हात वर केला, मीही केला. किल्ल्याच्या टोकापर्यंत होडी दिसत होती. पुढे फक्त आवाज राहिला, मग वारा फिरला आणि आवाजही नाहीसा झाला.

किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी काहीच कळत नाही. होडी लांब गेली म्हणून आवाज थांबतो, आणि इंजिन थांबले म्हणूनही थांबतो. दोन्हींची शांतता अगदी सारखी असते. गिरगावला टेबल मांडायची वेळ टळून गेली. सुकट वाळत घालणाऱ्या एका बाईने मला दोनदा विचारले, कुणाची वाट बघता. मी कान देऊन उभा होतो.